मोठ्या आईचे अंक : माळ्यावरच्या ट्रंकेपासून दाखल क्रमांकापर्यंत

घरात जुन्या धार्मिक मासिकांचं गाठोडं सापडलं तर त्याचं करायचं काय, हे मला २०२४च्या जूनपर्यंत माहीत नव्हतं. पुढचे पंधरा महिने त्यातच गेले. आधी कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच चुका टळल्या असत्या, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते आहे.

आमचा पंचवटीतला वाडा पाडायचा ठरला होता. ३० जूनपर्यंत सामान हलवायचं होतं. ९ जूनच्या रविवारी मी आणि चुलतभावाने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. आत मांजरपाटात बांधलेली पाच गाठोडी. वरच्या दोन गाठोड्यांत 'मुमुक्षु'चे अंक होते, तिसऱ्यात आणि चौथ्यात हिंदी 'कल्याण'. सगळ्यांत खालचं गाठोडं चिकटून एक झालं होतं. ४ ऑगस्ट २०१९ च्या गोदावरीच्या पुरात पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा आमच्या तळमजल्यावरही पाणी आलं होतं. ही ट्रंक तेव्हा खालीच होती. पाणी ओसरल्यावर आम्ही ती बाहेरून पुसली आणि न उघडता तशीच माळ्यावर चढवली. त्या पाच वर्षांत आत जे व्हायचं ते होत राहिलं. ट्रंक भिजली असेल तर त्याच दिवशी उघडा, एवढं या अनुभवावरून नक्की सांगते.

रद्दीवाला दारातच होता. वजन केलं तर एकोणीस किलो भरलं. चौदा रुपये किलो. भाऊ म्हणाला, "पाचसहा अंक ठेवू आठवणीला, बाकीचं देऊन टाकू." मीही हो म्हणणार होते. तेवढ्यात वरच्या अंकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं : 'आ. शु. ११ वा.' खालच्या अंकावर 'आ. व. ११ वा.' त्याखालच्यावर पुन्हा तिथी आणि पुन्हा 'वा.' आत्या तिथेच डबे भरत होती. तिला दाखवलं तर तिने डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं, ही मोठ्या आईची पेन्सिल. वाचलं की ती असं लिहायची." मोठी आई म्हणजे माझी पणजी, बाबांची आजी. आषाढ शुद्ध एकादशी, वाचलें. रद्दीवाल्याला रिकाम्या हाताने पाठवलं.

मग पहिली चूक केली. सगळे अंक गच्चीवर उन्हात पसरले. दोन तासांत पानं वळली, कडा ठिसूळ झाल्या आणि एक मुखपृष्ठ हातातच तुटलं. त्या काळातला लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे आधीच पिवळा पडलेला असतो, त्याला ऊन सोसत नाही. मेन रोडवरच्या एका जुन्या बाइंडरकाकांनी मग रीत शिकवली. सावलीत, पंख्याखाली, दर दहा पानांत एक टीपकागद, आणि टीपकागद रोज बदलायचा. धूळ मऊ ब्रशने झटकायची, शिवणीकडून बाहेरच्या बाजूला. गंजलेल्या पिना ओढून काढायच्या नाहीत, मागचे पाय सरळ करून अलगद सोडवायच्या. सेलोटेप लावायची नाही. लॅमिनेशन तर अजिबात नाही, ते पुन्हा निघत नाही. फाटलेलं जोडायला गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि जपानी टिश्यू कागद. टिश्यू महाग वाटला (२,४०० रुपये), पण पुरला. कसर लागलेले अंक वेगळ्या खोक्यात ठेवा, नाही तर चांगल्यांनाही लागते. ब्रश आणि टीपकागदाचे १,१५० रुपये झाले. चिकटलेलं गाठोडं मात्र मी स्वतः सोडवायला गेले नाही. काकांनी ते सव्वा महिना आपल्याकडे ठेवून पान पान सुटं केलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. "देवाचं काम आहे," एवढंच म्हणाले.

ऑगस्टअखेर मोजणी झाली : 'मुमुक्षु' ४६, 'कल्याण' २९, 'सुबोध पत्रिका' ७, 'ज्ञानोदय' ३ आणि नाव न कळलेले २. एकूण ८७ अंक, ३,१४० पानं.

ही नावं शेजारी शेजारी पाहून मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. 'ज्ञानोदय' अमेरिकन मिशनऱ्यांचं, १८४२ साली अहमदनगरला निघालेलं. 'सुबोध पत्रिका' प्रार्थना समाजाची, १८७३ ची. 'मुमुक्षु' ल. रा. पांगारकरांनी १९०७ साली सुरू केलेलं, संतांच्या चरित्रांना आणि वाङ्मयाला वाहिलेलं. 'कल्याण' १९२६ साली मुंबईत निघालं आणि वर्षभरात गोरखपूरला गेलं. एकमेकांशी न पटणारी ही माणसं. मिशनरी मूर्तिपूजेवर टीका करत होते. प्रार्थना समाज निराकाराची उपासना करायचा, पण त्यांच्या उपासनेत तुकोबांचे अभंग होतेच. पांगारकरांना संत जसे भाविकाला दिसतात तसेच मांडायचे होते. आणि तुकोबा सगळ्यांनाच हवे होते. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळकसुद्धा ख्रिस्ताची भजनं अभंगातच लिहीत होते. ज्ञानदेव एक की दोन, हा वाद 'भारद्वाज' या टोपणनावाने 'सुधारक'मधून १८९८-९९ मध्ये पेटला तोही याच काळातला. वारकऱ्याच्या फडावर जे निरूपण रात्रभर चालायचं, ते आता छापून टपालाने घरी येत होतं, आणि त्याला उत्तर द्यायचं तर तेही छापूनच द्यावं लागत होतं. हे फक्त आपल्याकडेच घडत नव्हतं. बंगालात भक्तिविनोद ठाकूर सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट असतानाच १८८१ पासून 'सज्जनतोषणी' हे वैष्णव मासिक चालवत होते. माझे पणजोबा निफाड तालुक्यातल्या एका गावी शाळामास्तर होते. एका मास्तराच्या पगारात चार ठिकाणची वर्गणी कशी बसत असेल, याचा हिशेब मला आजही लागत नाही.

२ सप्टेंबरला पुण्यातल्या एका संस्थेला रजिस्टर एडीने पत्र पाठवलं : आमच्याकडे असे असे अंक आहेत, ते तुमच्या संग्रहात द्यायचे आहेत. पोच आठवड्यात परत आली, उत्तर मात्र सात आठवडे आलं नाही. फोन केला की "साहेब मीटिंगला आहेत." ऑक्टोबरअखेरीस एका बाईंनी फोनवर खरं काय ते सांगितलं. नुसतं पत्र पाठवून काही होत नाही, सोबत यादी लागते. प्रत्येक अंकाचं नाव, वर्ष, अंक क्रमांक, छापखाना, पृष्ठसंख्या आणि अवस्था. हे त्यांनी पहिल्याच दिवशी कळवलं असतं तर दोन महिने वाचले असते. तुम्ही असं काही देणार असाल तर पत्र पाठवायच्या आधी यादी करा.

यादी करायला नोव्हेंबर-डिसेंबर गेले. मी बँकेत नोकरी करते, रात्री साडेनऊनंतर बसायचे. तारखेची पहिली अडचण, कारण बऱ्याच ठिकाणी तारीख शके आणि तिथीत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या आसपास जानेवारी लागला की ७९ मिळवावे लागतात. हे मी तीस अंक चुकवल्यावर शिकले आणि पुन्हा पहिल्यापासून बसले. दुसरी अडचण छापखान्याची. १८६७च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं होतं, पण ते बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी असतं आणि शेवटचं पान हेच सगळ्यांत आधी गळतं. अशा ठिकाणी मी 'पृष्ठ नाही' असं लिहिलं. अंदाजाने भरलं नाही.

एका अंकाने मात्र पंधरा दिवस घेतले. मुखपृष्ठ नाही, शेवटचं पान नाही. पानांच्या डोक्यावर 'मुमुक्षु' आहे, वर्ष नाही. समासात शाईने मोडीत एक ओळ लिहिलेली. मोडी मला येत नाही. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, एका गुरुजींना मोडी चांगली येते असं कळलं, म्हणून १ डिसेंबरला सकाळी रामकुंडावर गेले. ऊन कोवळं होतं, कुंडावर गर्दी नव्हती. गुरुजींनी भिंग काढलं आणि ओळ वाचली : 'अधिक श्रावण शु. ५, घरांत वाचून दाखविलें.'

मी म्हटलं, "म्हणजे देवळात नाही, घरी वाचलं."

गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमच्या पणजोबांच्या वेळी 'घरांत' म्हणजे बायको. नाव घ्यायची पद्धत नव्हती ना. 'आमच्या घरांत बरं नाही' असं म्हणायचे. त्यांनी बायकोला वाचून दाखवलंय."

घरी येऊन सगळी शाईची टिपणं काढली. गुरुजींकडे आणखी तीनदा जाऊन ती वाचून घेतली. सुरुवातीच्या अंकांवर सगळीकडे मोडी, सगळीकडे शाई, आणि 'घरांत वाचून दाखविलें'. मग १९१२च्या एका अंकावर पहिल्यांदा पेन्सिल येते. बाळबोध अक्षर, मोठं, ओळीच्या वर-खाली जाणारं : 'वा.' पुढच्या अंकावर शाई आणि पेन्सिल दोन्ही. त्यानंतर शाई थांबते. एक बाई अंक ऐकता ऐकता वाचायला शिकली, आणि ते शिकणं कागदावर तिथीवार राहिलं. त्या रात्री मी बाबांना उठवून हे सांगितलं. बाबांनी चष्मा लावला, चारपाच अंक उलटे-पालटे केले आणि काही न बोलता पुन्हा झोपले. सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "मला अक्षर तिनेच शिकवलं."

त्या बिनमुखपृष्ठाच्या अंकाचं साल असं लागलं. अधिक श्रावण आठ, अकरा किंवा एकोणीस वर्षांनी फिरून येतो. २०२३ साली आला होता, तिथून मागे मोजत गेलं की २००४, १९८५, १९७७, १९६६, १९५८, १९४७, १९३९, १९२८, १९२०, १९०९. 'मुमुक्षु' १९०७ चं, त्यामुळे १९०९, १९२० आणि १९२८ हे तीन उमेदवार उरले. अंकात खुणेसाठी टपालाच्या वेष्टनाची एक पट्टी घातलेली होती. तिच्यावर सातव्या एडवर्डचं डोकं असलेला तीन पईचा करडा स्टॅम्प. एडवर्ड १९१० च्या मे महिन्यात वारला. १९२० आणि १९२८ साली पंचम जॉर्जचे स्टॅम्प चालत होते. पट्टीवर त्याच शाईत तीच तिथी होती. म्हणून १९०९, शके १८३१. जुन्या अंकांतून निघालेली वेष्टनं, पावत्या, व्ही.पी.ची कागदं फेकू नका. जिथे सापडली तिथेच, त्याच पानावर असल्याची नोंद करून ठेवा.

१९०९ हे साल नाशिककराच्या मनात वेगळ्याच कारणाने असतं. २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्यानंतर सरकारी नोकरांवर नजर होती. पणजोबांनी घरातली राजकारणाची पत्रं त्या हिवाळ्यात बंबात घातली, असं आत्याने तिच्या वडिलांकडून ऐकलं होतं. लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. भक्तीचे अंक मात्र घरात राहिले. ट्रंकेत 'केसरी'चा एकही अंक नाही, याचं उत्तर मला असं मिळालं. या अंकांकडे नुसतं 'धार्मिक वाङ्मय' म्हणून बघता येत नाही. बोलायला बंदी असलेल्या काळात मराठी माणूस उघडपणे घरात ठेवू शकत होता ते हे छापील शब्द होते.

यादी ३ जानेवारी २०२५ ला ईमेलने पाठवली. या वेळी उत्तर नऊ दिवसांत आलं आणि ते वाचून मला रडू आलं. 'कल्याण'चे अंक त्यांच्याकडे होते म्हणून नको होते, आणि 'मुमुक्षु'पैकी 'खुणा केलेले, रेघोट्या असलेले अंक दुय्यम प्रत म्हणून स्वीकारता येणार नाहीत.' म्हणजे मोठ्या आईचे सगळेच.

मी तीन पानांचं उत्तर लिहिलं. रागात लिहिलेलं पाठवलं नाही, दोन दिवसांनी दुसरं लिहिलं. त्यात एवढंच मांडलं : मजकूर तुमच्याकडे असेल, पांगारकरांची एकनाथ, ज्ञानेश्वर, तुकाराम यांची चरित्रं आजही छापली जातात आणि हिंदीतूनही वाचली जातात. पण ते खेड्यातल्या घरात कुणी, कोणत्या तिथीला, कुणासाठी वाचलं, एकादशीचा नेम छापील कागदाभोवती कसा बसला, हे या खुणांखेरीज कुठेही नाही. सोबत १९०९ ते १९१४ च्या आठ समासांचे फोटो जोडले. समिती तीन महिन्यांतून एकदा बसते, पुढची बैठक २८ मार्चला, असं कळवण्यात आलं.

त्या मधल्या काळात स्कॅनिंग उरकलं. समिती काय ठरवेल ते ठरवेल, आमच्याकडे प्रत असायला हवी होती. पान वरून टिपणारा स्कॅनर असेल तिथेच जा, काचेवर उलटा दाबून ठेवला तर अंकाची शिवण तुटते. पानाला ५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, सगळे मिळून १८,५२६. पहिल्या शंभर पानांची फाइल आली तेव्हा त्या मुलाने मोठ्या आपुलकीने समास 'स्वच्छ' करून दिले होते. पेन्सिल पुसून टाकलेली. पुन्हा करून घेतलं. स्कॅनला देताना 'काहीही पुसायचं नाही, कापायचं नाही, कडेचा समास पूर्ण हवा' हे लेखी द्या. मजकुराचं टायपिंग संगणकाकडून करून पाहिलं, पण १९६२ पूर्वीचे अनुस्वार आणि छपाईचे जुने खिळे त्याला झेपेनात. 'देवाचें', 'नांव', 'कांहीं' सगळंच बिघडलं. आता हातानेच टाइप करते आहोत, अनुस्वारांसकट.

कॉपीराइटचीही चौकशी केली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. पांगारकर १९४१ साली वारले, त्यामुळे त्यांचं स्वतःचं लेखन मोकळं आहे. निनावी लेखांना प्रकाशनापासून साठ वर्षं. पण 'कल्याण'चे संपादक हनुमानप्रसाद पोद्दार १९७१ साली गेले, म्हणून त्यांच्या मजकुराची स्कॅन आम्ही कुठेही टाकलेली नाहीत, फक्त घरच्या डिस्कवर ठेवली आहेत. दोन डिस्क घेतल्या, एक आत्याकडे अमळनेरला. त्यांचे ८,४०० रुपये.

'कल्याण'चे अंक तपासतानाच १९३०ची पानं समोर आली. तोवर पणजोबा निवृत्त होऊन पंचवटीत राहायला आले होते, काळारामाच्या हाकेवर. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू केला आणि मंदिराची दारं बंद ठेवण्यात आली. त्या फाल्गुनातल्या अंकावर पेन्सिलीने लिहिलंय : 'देऊळ बंद. दर्शन नाहीं.' चार दिवसांनी पुन्हा : 'दर्शन नाहीं.' असं सहा वेळा. रोजचं दर्शन चुकलं याचं तिचं दुःख खरं असणार, मला त्यात शंका नाही. पण दाराबाहेर जे बसले होते त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. वीस वर्षं ती चोखोबांची कथा ऐकत-वाचत होती, महाद्वारासमोरच्या पायरीची. आपल्या दारातलं ते तिला दिसलं नाही, की दिसलं आणि लिहिता आलं नाही, हे मला कधीच कळणार नाही. आत्याचं म्हणणं होतं की ती पानं देऊ नयेत, "लोक काय म्हणतील तिला." आम्ही दोन रविवार यावर बोललो. शेवटी आत्याच म्हणाली, "दे. तिने खोडलं नाही, आपण कशाला खोडायचं." या सहा नोंदींचे फोटो समितीला पुरवणी म्हणून पाठवले आणि हे 'कल्याण' अंकही याच कारणासाठी घ्यावेत अशी विनंती केली.

२ एप्रिलला मंजुरी आली. खुणा असलेले सगळे अंक, 'कल्याण'सुद्धा, 'वाचकनोंदींसह' या वेगळ्या शीर्षाखाली घ्यायचं ठरलं होतं.

मग दानपत्र. शंभराचा स्टॅम्प पेपर २०२४च्या ऑक्टोबरपासून बंद झालाय, पाचशेचा लागतो. मी उत्साहाने माझ्या नावावर घेतला. पण दाता म्हणून सही बाबांची हवी होती, मालमत्तेचे सगळ्यांत मोठे वारस ते. दुसरा पाचशेचा आणावा लागला. नोटरीचे चारशे. बाकी पाच वारसांची ना हरकत पत्रं, प्रत्येकासोबत आधारची स्वाक्षांकित प्रत. दुबईच्या भावाचं पत्र सही करून स्कॅनवर चाललं. सगळ्यांना एकच मजकूर आधी पाठवा, नाही तर प्रत्येक जण वेगळं लिहितो आणि परत पाठवावं लागतं.

फॉर्मचा सातवा रकाना होता 'मूळ संग्राहकाचे नाव'. पणजोबांचं नाव वर्गणीच्या पावत्यांवर होतं. पण अर्ध्याहून जास्त नोंदी तिच्या. आणि तिचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. बाबा, आत्या, काका, सगळ्यांसाठी ती मोठी आई. पणजोबांच्या कागदांत 'घरांत' किंवा 'सौ.' रेशनचं जुनं कार्ड नाही. मृत्यूची नोंद शोधायला गेले तर खिडकीवर विचारलं, "नाव?" १९५१ एवढंच ठाऊक होतं, तेवढ्यावर शोध घेता येत नाही. मी रकाना रिकामा ठेवून फॉर्म पंधरा दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला.

मोडी वाचून देणाऱ्या गुरुजींना हे बोलता बोलता सांगितलं. ते म्हणाले, "तुमचं मूळ गाव निफाडकडचं ना? मग तुमचे उपाध्ये कोण ते शोधा. वहीत असेल." त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गाववार, आडनाववार वह्या असतात, यात्रेला किंवा श्राद्धाला आलेल्या कुटुंबाची नावं पिढ्यान्‌पिढ्या त्यांत उतरवलेली. आमच्या गावच्या वह्या कुणाकडे हे कळायला चार जणांना विचारावं लागलं. १८ मेच्या दुपारी त्यांनी लांबट वही उघडली. १९२० च्या सिंहस्थात पणजोबा सहकुटुंब आले होते. त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, मुलांची नावं, आणि त्याखाली 'पत्नी भागीरथी'. उपाध्यांनी माझं आणि बाबांचं नावही पुढे लिहून घेतलं आणि मला सही करायला सांगितली. दक्षिणा किती ते त्यांनी सांगितलं नाही, मी ५०१ ठेवले.

सातव्या रकान्यात दोन नावं लिहिली. क्लार्कने फोन करून विचारलं की एकच नाव चालेल का. मी म्हटलं, वर्गणीदार वेगळे आणि वाचक वेगळी, दोन्ही ठेवा. त्यांनी वरिष्ठांना विचारून ठेवली.

अंक द्यायला २१ जुलै २०२५ ला गेलो, सोमवार, आषाढ वद्य एकादशी. तारीख संस्थेने दिली होती, तिथी आत्याच्या लक्षात आली. सहा आम्लरहित खोकी (प्रत्येकी ४५०), प्रत्येकावर यादीची प्रत, आणि पावसापासून वर प्लास्टिक. गाडीत आत्या मागच्या सीटवर दोन खोकी मांडीवर घेऊन बसली होती, डिकीत ठेवू दिली नाहीत. तिथे प्रत्येक अंक यादीशी पडताळून घेतला, सव्वातीन तास लागले. त्यांनी थायमॉलची (बुरशीनाशकाची) धुरी देऊन मगच शेल्फवर जातील असं सांगितलं आणि तात्पुरती पावती दिली. ती पावती जपून ठेवा. दाखल क्रमांक येईपर्यंत तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. पुण्याच्या तीन खेपांचे ३,९०० धरून एकूण खर्च अडतीस हजार चारशेशहात्तर झाला, उपाध्यांची दक्षिणा वेगळी. आम्ही तिघा भावंडांनी वाटून घेतला.

११ सप्टेंबरला पोस्टाने पत्र आलं. दाखल क्रमांकांची यादी, अंकवार, चार पानं. वर दात्यांचं नाव. त्याखाली वर्गणीदार म्हणून पणजोबा, आणि पुढच्या ओळीत : 'समासातील वाचकनोंदी : भागीरथीबाई, मु. पंचवटी, नाशिक.'

आत्याला फोन लावून वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "'घरांत' असं नाही ना लिहिलं?"

"नाही गं. नाव लिहिलंय."